पाठीवरचे सेक्टर

परकार डॉक्टरीणबाईंनी सोमवारी दुपारी
माझ्या पाठीवर प्लॉट पाडले.
चार ओळी, ओळीत दहा चौकोन,
कडेने निळ्या शाईत नंबर,
सिडकोने खाडीकाठची भातखाचरं आखावीत तसे.
म्हणाल्या, दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही,
ओझं उचलायचं नाही.
म्हटलं, बाई, माझी खानावळ आहे.

चौकोनागणिक एकेक संशयित:
निकेल. सिमेंटमधलं क्रोमियम. अत्तरांची मिसळ.
केसांच्या कलपातलं काहीतरी. रबर.
रात्री पालथी झोपले तर वाटलं
अख्खं कोपरखैरणे अंगावर वसतंय,
कुठे पाया खणतायत, कुठे नुसतीच पाटी.

चार वर्षं झाली याला.
आधी बोटांच्या बेचक्यात मोहरीएवढे फोड,
मग लाली, मग भेगा,
मग कणीक मळताना मीठ असं झोंबायचं
की डोळ्यांत पाणी, आणि पोळी मात्र मऊ.
सासूबाईंनी गजकर्ण ठरवून लसूण चोळला.
मेडिकलवाल्याने वीस रुपयांची ट्यूब दिली,
आठवडा छान गेला, पुढचा महिना पेटला.
चौथ्या मजल्यावरच्या गावितांनी डबा बंद केला.
म्हणाले, मुलगाच करतो आता घरी.
मुलगा पुण्याला असतो.

बाईंनी कागदावर लिहिलं: इसब.
त्याखाली, लागट नाही. खाली दोन रेघा.
तो कागद जिन्यात चिकटवावासा वाटला.

विचारलं, तुमच्या बिल्डिंगला गळती आहे का?
म्हटलं, माथाडींची जुनी बिल्डिंग, स्लॅबचा पोपडा ताटात पडतो.
तसंच हे, म्हणाल्या. कातडीचा गिलावा विरळ झालाय.
आतली ओल बाहेर जाते, बाहेरचं आत शिरतं,
आणि आतला वॉचमन घाबरून
दिसेल त्याला चोर समजतो.
साबणाला. लसणाला. जानेवारीच्या कोरड्या वाऱ्याला.
तुमच्या जागरणालासुद्धा.

जागरणाचं मी काही बोलले नव्हते.
तुर्भ्याच्या बाजारात ह्यांची पाठ धरली,
तेव्हापासून गोणी बंद, मजुरी बंद.
रात्री ठाणे-बेलापूर रस्त्याकडून तो गोडसर वास येतो
तेव्हा मी हिशोब करत असते आणि खाजवत असते.
आधी काय सुरू होतं, मला सांगता येणार नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या. शुक्रवारी पुन्हा पाहिलं.
निकेल गप्प. अत्तर गप्प.
मंगळसूत्र सुटलं.
सव्वीस नंबर तेवढा लाल, रुपयाएवढा,
वर बारीक पुरळ.
सव्वीस म्हणजे?
रबर करताना घालतात ते रसायन.
हातमोजे घालता का तुम्ही?

घालते.
तेजलने पहिल्या पगारातून आणले, पिवळे, कोपरापर्यंतचे,
सहा जोड्या, ऐरोलीहून रिक्षात मांडीवर घेऊन.
आई, आता पाण्यात उघडा हात घालायचा नाही.
मग जितकं चिघळलं तितका जास्त वेळ घातले.
रात्री मलम लावून वरूनसुद्धा.

एकट्या मोज्यांवर ढकलू नका, बाई म्हणाल्या,
साबण आहे, पाणी आहे, मुळात तुमची कातडी आहे.
कायमचं जाईल असं सांगत नाही.
निजेल. उठेल.
उठवणाऱ्यांची नावं तेवढी पाठ करा.
मोजे दुसरे मिळतात, बिनरबराचे, आतून सुती घालायचे.
हात धुतले की ओलसर असतानाच मलम. डाळीला फोडणी देता ना, तसं, वेळ गेली की गेली.

घरी आले. ग्रिलवर मोजे वाळत होते,
बोटं खाली, थेंब थेंब.
संध्याकाळी तेजलने चपला काढायच्या आधी विचारलं,
काय निघालं?
साबण, मी म्हटलं.

पाठ बघू, म्हणाली.
आकडे पुसट झाले होते, ती मोठ्याने वाचत गेली,
शाळेत पाढे म्हणायची त्याच सुरात,
चोवीस, पंचवीस,
आणि थांबली.
हा कशाचा गं?
तो होय, रिकामा प्लॉट आहे.
तिने त्यावर बोट ठेवलं.
अशी खाज सुटली,
पण मी हलले नाही.