पाच गिऱ्हाइकं

पुर्माले म्हणजे तीन चुली, एक विहीर
आणि फाट्यावर पत्र्याची पाटी,
तिच्यातल्या एका अक्षराला छर्रा लागलाय.
उत्तरेला स्काबूली. तिथे चर्च आहे,
म्हणून तिथली माणसं मान ताठ ठेवून चालतात.
दलदलीपलीकडे लाझ्दूपे. तिथे वीज आधी आली,
हे ते अजून सांगतात.
पुर्मालेला सांगण्यासारखं काही नाही.
लाटगालेच्या नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली जातं.

शुक्रवारी अकराला दुकानाची गाडी येते :
काळा पाव, खारवलेला हेरिंग, काडेपेट्या, कोंबड्यांचं खाद्य.
ड्रायव्हर आल्दिस म्हणाला, वरून हुकूम आहे,
पाच गिऱ्हाइकं नसतील
तर पुढच्या महिन्यापासून गाडी इकडे वळणार नाही.
गेनोवेफाने बोटं मोडली :
ती, दोनात, आणि नजर गेलेला येझुप्स.
"बकरी धरली तर चार," दोनात म्हणाला.
"बकरीकडे पैसे नसतात," आल्दिस म्हणाला,
आणि हसला नाही.

पुढच्या शुक्रवारी साडेदहालाच
स्काबूलीकडून वाल्या आली, सायकल ढकलत,
जिच्या घरासमोर अख्खं दुकान आहे.
आणि दलदलीवरच्या फळ्यांवरून, काठीने फळी फळी चाचपत,
लाझ्दूपेचा ब्रोनिस्लाव,
ज्याचा गेनोवेफाशी एकोणीस वर्षं अबोला,
एका भिजलेल्या गवताच्या गंजीपायी.

रांग लागली.
पुर्मालेत रांग!
विजेच्या खांबावरचा करकोचासुद्धा वाकून बघायला लागला.
"किती जण आहोत?" येझुप्सने विचारलं.
"पाच," गेनोवेफा म्हणाली,
गरजेपेक्षा जरा मोठ्यांदा.

ब्रोनिस्लावने एकच काडेपेटी घेतली.
नाणी मोजायला मात्र भरपूर वेळ लावला.
मग पावाकडे बघत म्हणाला,
"ताडपत्री मी टाकली होती. वारा होता त्या रात्री."
गेनोवेफा हेरिंगच्या पिंपाला म्हणाली,
"वारा होता, हे खरं."
एवढंच. आल्दिसने वहीत पाच रेघा ओढल्या,
दार लोटलं, धूळ उडाली,
बकरीने तेवढ्यात सायकलची अर्धी सीट खाल्ली होती,
तिची भरपाई कोण देणार
यावर दुपारपर्यंत भांडण.

मंगळवारी गाडी लाझ्दूपेला जाते.
तिथे चौघंच उरलेत म्हणतात.
सोमवारी संध्याकाळी
गेनोवेफा पायरीवर बसून
बुटांना मेण घासतेय.