रिजेक्टची वही

भोंडवे मॅडमनी वही पुढे सरकवली:
"हिच्यात काहीतरी आहे. शोधा."
दुसऱ्या वर्षाचे आम्ही तिघं,
आजवर नुसती लेबलं चिकटवलेली.

सीरम गुलाबी. पेशी फुटलेल्या.
पोटॅशियम खोटंच चढलेलं.
सगळ्या नळ्या धनकवडीच्या, दुपारच्या.

सुई तपासली, टूर्निकेट तपासलं.
शेवटी झुलेखाच
नमुने आणणाऱ्या स्कूटरवर मागे बसली,
मांडीवर थंड डबा घेऊन.
दुपारी तो आतल्या गल्ल्यांतून येतो.
रास्ता पेठेपर्यंत
एकोणतीस स्पीडब्रेकर मोजले तिनं,
खड्डे वेगळेच.

आलेख काढला. रेघ वर गेली.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी डब्याखाली घालायला
घरून जुनी गोधडी घेऊन आल्या.

परवा वहीचं एक पान कोरं राहिलं.
आम्ही त्यावरही तारीख घातली.