कोटेशन

किसुमूच्या धक्क्यावर, बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून
ओकुमू आकडा सांगतो.
आवूर खवल्यांचे हात फडक्याला पुसते.
"एका बटणाचे एवढे?"

बटण स्वस्तच आहे, तो म्हणतो.
पण दाबलं, आणि होडी आत असताना रेंज गेली तर?
एकच टोपली दोघींनी घेतली तर?
पैसे गेले, मासा आला नाही तर?
तुझ्या सासूला वाचता येत नाही,
तिच्याशी लुओमधून बोलावं लागेल,
तेही त्या तडकलेल्या फोनवरून.

आवूर शेजारचं जाळं ओढते,
एका भोकातून बोट घालते.
"म्हणजे हे.
दोरा कुणीही विकतो.
भोक केवढं ठेवायचं,
त्याचे पैसे."

ओकुमू पुन्हा 'तर' मोजत बसतो.
एक लिहायचा राहिलाच होता:
ती नको म्हणाली तर.