उन्हाचं रीडिंग

एकतीस वर्षं मानेवाड्याच्या गल्ल्यांतून
लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे उतरवले.
कुणाकडे दुसरा कूलर लागला, कुणाकडे एसी आला,
कुणाचा मुलगा पुण्याला गेला नि वरच्या खोलीचा पंखा थांबला,
मला पाटी न वाचता कळायचं.
कुत्री ओळखायची. माणसं ओळखायची नाहीत.

आता निवृत्त. सोसायटीच्या मीटिंगला
शेवटच्या प्लास्टिकच्या खुर्चीत.
विषय क्रमांक चार: गच्चीवर सोलर.
रात्रीचे नऊ वाजलेत, नवतपा सुरू आहे,
भिंत अजून पाठ टेकू देत नाही.

रामटेकेंची प्राची लॅपटॉप उघडून सांगते,
आपल्याकडे ऊन किती, किती दिवस.
पहिल्या रांगेतून बोपचे म्हणतात,
"ते आमाले नको सांगू वो बाई,
ऊन आम्ही भोगतो."

मग सुरूच होतं.
माकडं नाचतील त्याच्यावर.
गारा पडल्या तर?
शालूताईंच्या कुरडया कुठं वाळायच्या,
संक्रांतीला पोरं पतंग काय जिन्यातून उडवतील?
सबसिडी येते म्हणतात, येते तर कुणाच्या खात्यात?
चारशे दोनचे हेडाऊ उभे राहतात:
गच्ची माझ्या डोक्यावर आहे,
गळली तर माझ्या डोक्यावर गळेल.
तळमजल्याचा फैजान हळूच विचारतो,
"भाडेकरूच्या वाट्याला किती ऊन येतं?"
सगळे हसतात.
मी त्याचं मीटर आठवतो. महिन्याला साठ युनिट, कधी पासष्ट.

"मीटर उलटं फिरते म्हणे?" कुणीतरी म्हणतं
आणि अख्खी मीटिंग मागं वळते. माझ्याकडे.
काय सांगू.
आमच्या काळी मीटर उलटं फिरलं
की आम्ही काचेवरचं लोहचुंबक शोधायचो,
पंचनामा करायचो.
"हाव," म्हटलं, "फिरते. आता त्याले चोरी नाही म्हणत."

आणखी एक सांगायचं होतं, राहून गेलं.
कोराडीला माझी बहीण
दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकते, मग घडी घालते.
ती झटकलेली राख
कुणाच्या एसीची, कुणाच्या लग्नाच्या मंडपाची,
हे रीडिंग मी कधी घेतलं नाही.
त्याचा रकानाच नव्हता.

ठराव: पुढच्या मीटिंगमध्ये बघू.
सही, सही, सही, अंगठा.

दुसऱ्या दिवशी भर बाराला गच्चीवर गेलो,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, हातात खडू.
चपलेचा तळ डांबरासारखा चिकटत होता.
टाकीच्या सावलीभोवती रेघ मारली: बारा.
तासाभरानं आणखी एक: एक.
जुनी डायरी काढली, सवयीनं लिहिलं,
ग्राहकाचं नाव: कोरं.
मागील रीडिंग: घेतलं नाही.

"भाऊ, पाय सांभाळा,"
शालूताई कुरडया उलटवायला आल्या होत्या.
सकाळी घातलेल्या, आता बोटानं वाजवल्या तर वाजतील अशा.
माझ्या रेघांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं,
खेळ मांडलाय की काय अशा नजरेनं.
मग परात कमरेवर घेऊन म्हणाल्या,
"त्या अँटेनाकडच्या कोपऱ्यात लावा काय लावायचं ते.
तिकडं कबुतरं हगतात,
माझं वाळवण तिकडं नसतेच."

डायरीत तेवढंच लिहिलं.
अँटेनाचा कोपरा, अंदाजे बारा बाय नऊ.
पेन इतकं तापलं होतं
की शेवटचा आकडा नीट उमटला नाही.