गहाळ दगडांची नोंदवही

नांदशेवणीच्या देवळाला चुना नाही.
दगडाने दगड धरलाय, एवढंच.
सातशे वर्षं झाली असतील, किंवा साडेसातशे;
शिलालेखात शक आहे, पण नेमका शेवटच्या दोन आकड्यांवर
कुणीतरी पिढ्यान् पिढ्या विळा पाजळलाय.

मी टेप धरतो. दुसरं टोक मुखाडू बावणेकडे,
रोजंदारीवर. प्रत्येक मापानंतर तो विचारतो,
'बरोबर हाये का जी?'
जणू चूक निघाली
तर तो दगडाला समज देणार आहे.

कळस नाही. मंडपाला छत नाही.
सोळा खांबांतले अकरा उभे,
एक आडवा. त्यावर बसून बायका मिरची राखतात.
सगळा ओटा लालभडक,
गाभाऱ्यात शिरायचं तर शिंकत शिरावं लागतं.
आत देव नाही.
शाळुंखेची पन्हळ तेवढी उत्तरेकडे तोंड करून,
कुणी वरून तांब्या ओतेल म्हणून
थांबल्यासारखी.

बांधलं कुणी?
राक्षसांनी, एका रात्रीत. कोंबडा लवकर आरवला
म्हणून कळस राहिला, असं गाव सांगतं.
मला मागच्या भिंतीत, नजरेआड,
पाथरवटांच्या खुणा सापडल्या:
एक त्रिशूळ, एक मासा,
आणि कुणा तिसऱ्याची नुसती आडवी रेघ.
राक्षस मजुरी मोजायला खुणा करत नाहीत.
त्या रेघेवर मी बराच वेळ बोट ठेवून उभा होतो.
माप घ्यायचं राहिलं.

मग बाकीचे खांब?
कागद गप्प आहेत, मुखाडू नाही.
मालगुजाराच्या पणज्याने तलाव बांधला,
दोन खांब तुडुमात गेले.
आजही धानाचं पाणी त्यांच्या मधून सुटतं,
आणि पाटकरी त्यांना नवराबायको म्हणतो.
एक शाळेखाली. एकाचं मुखाडूलाही ठाऊक नाही;
तो मान खाली घालतो, जणू त्यानेच हरवला.
नंतर छोटी लाईन आली,
ठेकेदाराने दक्षिणेची भिंतच उचलली मोरीसाठी.
आता गाडी बंद, रूळही उपटून नेले.
मोरी आहे. तिच्यात कमळांची एक ओळ
उलटी बसलेली,
वरून काहीच जात नाही.

नोंदवहीत रकाना आहे: 'सद्यस्थिती'.
'चोरीस गेला' लिहावं, तर चोर कोण?
भिंत नेणारा, की देव नेणारा,
की देव नाही म्हणून यायचं थांबलेले सगळे?
मी लिहितो 'स्थलांतरित'.
साहेब खोडतील.

दोनशे सतरा क्रमांक मिळेना.
दाराशी असायची ती अर्धगोल पायरी, चंद्रशिला.
चार दिवस शोधली.
पाचव्या दिवशी देवकाबाई नन्नावरेंच्या दारात
पाणी मागितलं, आणि पायाखाली पाहिलं.

'हाव, देवळाचाच हाये थो.
माह्या सासऱ्यानं आणला, पुराच्या साली.
उलटा लावला जी,
फुलावर पाय नोको म्हणून.'

मी गुडघ्यावर बसलो, कडेखालची माती उकरली,
हात आत घातला.
आधी ओल, मुंग्या, एक काचेची गोटी.
मग पाकळ्या.
कालच छिन्नी लागल्यासारख्या धारदार.
देवळात उरलेल्या एकाही फुलाला
इतकी कड राहिलेली नाही.

'न्या ना,' ती म्हणाली, 'सरकारचा असन तं.
पण मंग मी घरात येऊ कशावरून?'
मुखाडू टेप गुंडाळत होता,
नको तितक्या सावकाश.

पांढऱ्या रंगाचा डबा माझ्या हातात, ब्रश भिजलेला.
नंबर टाकायचा होता फक्त.
पण पायरी नुकतीच धुतलेली, चकाकत होती.

'वाळू द्या,' देवकाबाई म्हणाल्या,
आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या,
पायरीवर पाय देऊन.