तिसरी चावी

मार्च. वसमतचा मोंढा. बीट संपलं
आणि पर्समध्ये हात घातला तर
पट्टीबुक, क्रोसिन, दोन हळकुंडं.
चावी नाही.

ढिगातच पडली असणार,
कांडी मोडून दाखवायला वाकले तेव्हा.
ढीग पोत्यांत, पोती ट्रकात,
ट्रक सांगलीच्या रस्त्याला लागून तास झालेला.
"ताई, काय हुडकायल्या?" रुस्तुम म्हणाला,
अन् हमालांची अख्खी टोळी फरशी झाडू लागली.
पिवळा धुरळा तेवढा उठला.

काचेतून सगळं दिसत होतं:
सीटवर डबा, मागे ताडपत्री, लेकीची छत्री.
गाडी माझी, अन् मीच बाहेर
पाहुणीसारखी.

नांदेडहून ज्ञानसिंग टाक आला, मोटारसायकलवर,
डिकीत कानशी, पाठीवर लॅपटॉप.
पट्टी सरकवली, दार अर्ध्या मिनिटात उघडलं.
बरं वाटलं. मग भीती वाटली.
"आता आरसी दाखवा. आधार."
पंधरा वर्षं आडत चालवते इथं, म्हटलं, सगळे ओळखतात.
"ओळखत असतील.
पण कुठं गाडी गेली की
पहिलं आमच्या वस्तीचं दार वाजतं, ताई.
रजिस्टर ठेवावं लागतं."

कोरी चावी कुलपात फिरवून,
उजेडात धरून, ओरखडे वाचत
त्यानं दाते पाडले. तासभर. कानशीचा आवाज.
चावी फिरली. इंजिन दोन श्वास चाललं
आणि मेलं.
काट्याशेजारी लाल दिवा लुकलुकत राहिला.

"दाते बरोबर आहेत. ओळख पटली नाही."

चावीच्या काळ्या डोक्यात म्हणे चिप असते
तांदळाएवढी. सेल नाही, काही नाही.
कुलपाभोवतीचं तारेचं कडं
जवळ आली की तेवढ्यापुरता तिच्यात जीव घालतं
अन् गाडी एक आकडा विचारते, दर वेळी नवा.
चिपनं हिशोब करून उत्तर द्यायचं.
मधून कुणी चोरून ऐकलं तरी
उद्या प्रश्नच वेगळा.

मला सासऱ्यांचा रुमाल आठवला:
कापडाखाली बोटं दाबून भाव व्हायचा,
भोवती वीस माणसं,
दिसायचं फक्त कापड हललेलं.

स्टिअरिंगखाली त्यानं वायर खोचली.
मशीन म्हणालं: नोंदलेल्या चाव्या तीन.

तीन?
एक सांगलीला निघालेली.
दुसरी हिंगोलीच्या डॉक्टर कासलीवालांकडे,
गाडी विकताना "देतो नंतर" म्हणाले, त्याला सहा वर्षं झाली.
तिसरी कुणाची?
सहा वर्षं गाडी रात्री गल्लीत उभी,
सहा वर्षं मी परभणीहून अंधारात एकटी येते,
अन् कुठंतरी आणखी एक हात होता
ज्याला तिनं ओ दिली असती.
असेल कंपाउंडरच्या घरी, खिळ्याला.
कुणी कधी हातही लावला नसेल.
असेल.

"सगळ्या पुसू?"
पूस.
"बटन तुम्ही दाबा. मालकानं दाबलेलं बरं."

तिकडं पॉलिशच्या पिंपातून
कुणी काढेल ती, पिवळीधमक,
दाते शाबूत. दार अजून उघडेल तिनं.
बाकी गाडी तिला विसरली.

साडेचार हजार. रजिस्टरात माझी सही,
तारीख, गाडीचा नंबर, अंगठासुद्धा.
गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

गेटवर वॉचमननं त्याची मोटारसायकल अडवली.
कुठले? पिशवीत काय? कानशी कशाला?
तो एकेक काढून दाखवत होता, न चिडता,
पाठ असल्यासारखा.
मी काच खाली घेतली. सोड रे, माझंच काम करून चाललेत.

"तुम्हाला ओळखतो ताई," वॉचमन म्हणाला.
"ह्यांना नाही."