धुतलेली वाळू

आठवडाभर मी वाळू हटवतो.
इब्रीच्या पुढे, आखल्यासारख्या सरळ रस्त्यावर
रात्रीतून ती येऊन बसते आडवी,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी,
आणि मी लोडरचं फावडं तिच्या पोटाखाली सारून
म्हणतो, चल, ऊठ.
ती उठते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

शुक्रवारी मी वाळू विकत आणली.

कुंजुमोनच्या दुकानातून, चौदा गोण्या.
वर छापलेलं: धुतलेली, चाळलेली, मुलांसाठी.
कुंजुमोननं माझ्याकडे बघितलं,
मग दाराबाहेर, जिथे ती आभाळापर्यंत फुकट पडलेली,
मग पुन्हा माझ्याकडे.
पैसे मोजताना तो हसला नाही, ही त्याची माणुसकी.
मीच सांगत सुटलो: बाहेरची पिठासारखी उडते,
डोळ्यांत जाते, काटे असतात, लेंड्या असतात.
सगळं खरं होतं.
तरी जीभ अडखळली,
नदीकाठी राहून पाण्याची बाटली मागावी तशी.

फळ्या साइटवरच्या पॅलेटच्या.
खिळे उपटले, वाकडे होते ते ठोकून सरळ केले
(ही आमच्या आप्पांची खोड, नवे खिळे खिशात असूनही).
रंधा नव्हता. पॉलिश पेपरनं घासत बसलो,
कडेवरून तळहात फिरवून बघत, कुसळ लागतंय का.
चार फूट बाय चार फूट.
कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याला दोरी लावली,
मग दुसरी तिरकी.
दोन बोटांचा फरक आला.
खिडकीतून वृषाली म्हणाली, कललंय.
म्हटलं, जमीन कललीये.
म्हणाली, जमीन तुझ्या आधीपासून आहे.

पुन्हा खोललं.

तळाला काळं कापड, स्क्रू ड्रायव्हरनं पाडलेली भोकं,
पाणी निथळावं म्हणून.
कुठलं पाणी, विचारू नका.
मांजरांसाठी वर प्लायवूडचं झाकण.
मग गोण्या फोडल्या एकेक
आणि ती पडली, फिकट, थंड, शहाणी,
रव्यासारखा आवाज करत.

मगरीबची बांग होईपर्यंत कुणालाच बाहेर सोडलं नाही.
मग शाल्मली आली बादली घेऊन
आणि भिंतीवरून मालकिणीचा हमूद, हातात डाव.
कोरडी वाळू उभी राहीना.
टाकीतलं पाणी आणलं, निळ्या टँकरचं, विकतचं,
मी तोंड दुसरीकडे केलं.
किल्ला, ती म्हणाली.
हिस्न, तो म्हणाला.
भांडण झालं नाही. बुरूज दोन होते.
तिला त्यावर अळीव पेरायचे होते, दिवाळीत पेरतात तसे.
हमूदनं त्यावर उंट ठेवला, प्लास्टिकचा,
बुरुजापेक्षा मोठा.

मग खंदक खणता खणता
तिचं बोट कापडाच्या भोकातून आरपार गेलं.
बराच वेळ ती खालीच चाचपत राहिली.
बाबा, खाली पण वाळू आहे.
ती वेगळी, मी म्हटलं.
कशी वेगळी?
ती धुतलेली नाही.
तिनं बोट बाहेर काढलं, लालसर झालेलं,
चौकटीतल्या वाळूत घोळवलं,
आणि हमूदला दाखवलं.
त्यानं पण घातलं बोट.

झाकण टाकायला त्या रात्री मीच विसरलो.
सकाळी बुरूज नव्हते.
फिकट वाळूवर बारीक तांबूस साय धरली होती,
तिच्यावर मांजराची चार पावलं,
आणि उंट, अर्धा बुडालेला, तोंड रस्त्याकडे.
मी खुरप्यानं साय काढायला बसलो.
सवयच आहे.

आता रोज संध्याकाळी मी दाराशी बूट काढले
की शाल्मली ते दोन्ही हातांनी उचलते,
सांडू नये म्हणून सावकाश चालत जाते मागच्या अंगणात
आणि चौकटीत उपडे करते.
टाच आपटून. दोनदा.
वृषाली म्हणते, चौदा गोण्या.
तेवढंच म्हणते.